नवे रक्त रुजेपर्यंत गोळी चुकू नये



'बोन मॅरो बदलला, आता आजार गेला,' असे वाक्य आपल्या वस्त्यांत वरचेवर ऐकू येते. त्यात निम्मेच खरे आहे. राहिलेले निम्मे काम रुग्णालयातून सुटी मिळाल्यावर सुरू होते आणि ते आपल्या घरच्या फळीवरील गोळ्यांच्या डब्यातून व्हायचे असते. आज या सदरात आम्ही त्याच निम्म्या कामाविषयी लिहीत आहोत.

हा विषय आपला नव्हे, असे कोणी म्हणू नये. सिकलसेल, थॅलेसेमिया, रक्ताचा कर्करोग ही नावे आपल्या घरांना परकी राहिलेली नाहीत. मध्य भारतातील सिकलसेलवर १९५८ सालीच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लेख आला होता. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत या आजाराचे प्रमाण अधिक आढळते. सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू केले आणि त्यासाठी २०४७ सालचे उद्दिष्ट ठेवले आहे.

सिकलसेलच्या रुग्णाला हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीने आराम पडतो. थॅलेसेमिया मेजरच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवून जगवता येते. परंतु आजार मुळापासून काढायचा, तर आपल्याकडे रुळलेला उपाय म्हणजे मूळपेशींचे प्रत्यारोपण, ज्याला आपण बोन मॅरो बदलणे म्हणतो. भारतात हे पहिले प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. पुढे १९८६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात ते होऊ लागले. आज अनेक शहरांत ही सोय आहे.

नवे बी, जुने शेत

आपल्या हाडांच्या पोकळीत मऊ गर असतो. त्यातील मूळपेशींपासून सारे रक्त तयार होते. हा गरच बिघडला, तर शेतकरी शेत नांगरून नवे बी पेरतो, तसेच डॉक्टर करतात. तीव्र औषधांनी, कधी किरणांनी, जुना गर मोडून काढतात आणि दुसऱ्याच्या मूळपेशी रुग्णाच्या शिरेतून सोडतात. त्यात कापाकापी नसते. दिसायला ती साधी रक्ताची पिशवीच असते. सख्ख्या भावा-बहिणीचे जुळण्याची शक्यता चारात एक असते. कोणाचेच पूर्ण जुळले नाही, तर हल्ली आई, वडील किंवा मुलाच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशीही वापरतात. साधारण दोन ते चार आठवड्यांत बी रुजते आणि नवे रक्त तयार होऊ लागते.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण सारे पथ्य तिच्यावर उभे आहे. मूत्रपिंड बदलले, तर रुग्णाचे शरीर त्या नव्या मूत्रपिंडाला परके समजून त्यावर चालून जाते. बोन मॅरो बदलला की बहुधा उलट होते. नव्या गरातून शरीराचे नवे शिपाई, म्हणजे पांढऱ्या पेशी, तयार होतात. त्या दात्याच्या घरातून आलेल्या असतात. त्यांना रुग्णाची कातडी, आतडी, यकृत परके वाटते आणि त्या घराच्या मालकावरच हल्ला करतात. डॉक्टर याला 'जीव्हीएचडी' म्हणतात. तळहात-तळपायावर पुरळ, थांबता न थांबणारी हगवण, कावीळ ही त्याची सुरुवात. तो जुना झाला, तर डोळे-तोंड कोरडे पडतात, कातडी आवळते, फुफ्फुसांनाही इजा होते. तो जिवावरही बेततो.

या नव्या शिपायांना घर ओळखीचे होईपर्यंत आवरून धरण्यासाठी सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस ही औषधे दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने द्यावी लागतात. मूत्रपिंडाच्या रुग्णाला अशी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. बोन मॅरोच्या रुग्णाची गोष्ट त्याहून बरी आहे. घर ओळखीचे झाले की त्याची ही औषधे बहुधा थांबवता येतात. कर्करोगात साधारण तीन ते सहा महिन्यांनी ती हळूहळू कमी करत नेतात. थॅलेसेमिया आणि सिकलसेलमध्ये बहुधा वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ चालू ठेवतात. जीव्हीएचडी झाला, तर मुदत वाढते. थॅलेसेमियाच्या मुलाने औषध आधीच सोडले, तर नवे बी नाहीसे होऊन जुना आजार परत येण्याचाही धोका असतो. म्हणजे राखण जन्माची नाही, एका हंगामाची आहे. परंतु त्या हंगामात खाडा चालत नाही.

याखेरीज आणखी गोळ्या असतात. नव्या शिपायांना आवरून धरले की बाहेरच्या रोगांना रान मोकळे होते. म्हणून नागीण उठू नये यासाठी असायक्लोव्हिर, एका विशिष्ट न्यूमोनियापासून वाचण्यासाठी कोट्रायमॉक्साझोल, बुरशीच्या रोगासाठी फ्लुकोनाझोल किंवा त्याच जातीची दुसरी गोळी, शिवाय कोणाला पेनिसिलिन, कोणाला रक्तदाबाची गोळी. यांतील काही सहा महिने, काही वर्षभर किंवा त्याहून अधिक चालतात. ज्यांना स्वतःच्याच मूळपेशी परत दिलेल्या असतात, त्यांना सायक्लोस्पोरिन लागत नाही. पण संसर्ग टाळणाऱ्या गोळ्या त्यांनाही घ्याव्या लागतात.

गोळी का चुकते?

गोळी चुकली की घरचे म्हणतात, 'पोराला कदर नाही, एवढा पैसा ओतला तरी!' आम्हाला हे बोलणे पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली दीर्घ आजारांच्या औषधांवर एक अहवाल काढला. श्रीमंत देशांतसुद्धा सरासरी निम्मेच रुग्ण अशी औषधे सांगितल्याप्रमाणे घेतात, असे त्यात नमूद आहे. जिथे पैसा आहे, दवाखाना जवळ आहे, तिथली ही गत. तेव्हा हा आळसाचा आणि अडाणीपणाचा प्रश्न म्हणून सोडून देता येणार नाही.

कारणे पाहा. पहिल्या महिन्यात भीती असते, म्हणून गोळी चुकत नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यात पोर खेळू लागते, गाल भरतात, रक्त चढवावे लागत नाही. मग वाटते, आता कशाला? वास्तविक ते बरे दिसते, त्यात गोळीचाच मोठा हात असतो. दुसरे कारण म्हणजे त्रास. सायक्लोस्पोरिनने अंगावर केस वाढतात, हिरड्या सुजतात, हात कापतात. वयात आलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर लव दिसू लागली की ती गोळी उशीखाली सरकवते, यात नवल काय? तिला रागावण्यापेक्षा डॉक्टरांना सांगावे. औषध बदलता येते का, ते ठरवतील. तिसरे कारण पैसा आणि अंतर. मुंबईहून गावी परतल्यावर तालुक्याच्या दुकानात ती गोळी मिळत नाही, पट्टी संपते, मजुरी बुडवून शहर गाठायला आठवडा लागतो. चौथे कारण गोळ्यांची संख्या. सकाळी ही, जेवल्यावर ती, उपाशीपोटी तिसरी, यात शिकलेला माणूसही गोंधळतो.

लपवलेली गोळी

आता आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. चुकलेल्या गोळीपेक्षा लपवलेली गोळी अधिक घातक ठरू शकते. कसे, ते सांगतो.

सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस यांचे रक्तातील प्रमाण मोजून डॉक्टर मात्रा ठरवतात. प्रमाण कमी पडले, तर जीव्हीएचडी. जास्त झाले, तर मूत्रपिंडाला इजा, रक्तदाब, हातापायांची थरथर, क्वचित झटकेही. वाट अरुंद आहे. समजा, एका घरात आठवड्यात चार वेळा गोळी चुकली. तपासणीत रक्तातले प्रमाण कमी आले. डॉक्टर विचारतात, 'गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?' डॉक्टर रागावतील या भीतीने आई म्हणते, 'हो साहेब, वेळेवर.' डॉक्टरांना वाटते, या पोराच्या अंगी मात्रा कमी पडते आहे. ते मात्रा वाढवतात. घरी आल्यावर सारे घाबरून नेटाने गोळ्या देऊ लागतात, आता वाढीव मात्रेने आणि एकही न चुकवता. पुढच्या तपासणीत मूत्रपिंडावर सूज. चूक कोणाची? आईची म्हणावी, तर तिला खरे बोलण्याची भीती कोणी घातली, हेही विचारावे लागेल.

म्हणून भगिनींनो, डॉक्टरांपुढे मान खाली घालू नका. 'साहेब, मंगळवारी रात्रीची आणि शुक्रवारी सकाळची गोळी राहिली' एवढे सरळ सांगा. हे सांगणे म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. ताप किती होता हे सांगण्यासारखीच ती उपयोगाची माहिती आहे. आणि डॉक्टर, परिचारिका यांपैकी कोणी हे सदर वाचत असतील, तर त्यांना आमची विनंती की 'घेता ना?' असे विचारू नये. 'या आठवड्यात किती राहिल्या?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असते. दुसऱ्याने खरे बाहेर येते.

तपासणीच्या दिवशीचा एक नियम फार जण विसरतात. रक्तातले प्रमाण सकाळची गोळी घेण्यापूर्वी, म्हणजे रात्रीच्या गोळीला बारा तास होत आले असताना, मोजायचे असते. त्या दिवशी सकाळची सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमसची गोळी घरी घेऊ नये. पिशवीत घालून न्यावी आणि रक्त दिल्याबरोबर घ्यावी. घरूनच घेऊन गेलात, तर प्रमाण खोटेच जास्त दिसते आणि डॉक्टर मात्रा उगाच घटवतील.

घरची व्यवस्था

आठवणीवर विसंबू नये, व्यवस्था लावावी. एक शंभर पानी वही करा. डाव्या बाजूला औषधाचे नाव, कशासाठी, किती वाजता, उपाशीपोटी की जेवून. उजव्या बाजूला तारखा. गोळी पोटात गेल्यावरच खूण करायची. ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी वहीत रिकाम्या पट्टीचा तुकडा चिकटवा आणि सूर्य-चंद्र काढा. मोबाइलचा गजर दोन फोनांवर लावा; एक घरी राहणाऱ्याचा, दुसरा कामावर जाणाऱ्याचा. वेळ घराला झेपेल अशी ठरवावी. आईला सकाळी आठला धुणीभांड्याच्या कामावर निघायचे असेल, तर सात आणि सात ही वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

आठवड्याच्या गोळ्या डबीत भरून ठेवणे चांगले. पण सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमसची कॅप्सूल वेष्टनातून आधी काढू नये, ऐनवेळी काढावी. पट्टी कात्रीने कापून वेष्टनासकट डबीत टाका. सायक्लोस्पोरिनचे पातळ औषध असेल, तर ते फ्रीजमध्ये ठेवू नये. दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की नवी पट्टी आणण्याची तजवीज करावी, शेवटच्या पट्टीची वाट पाहू नये. दुकानदार म्हणाला, 'ही दुसऱ्या कंपनीची, तीच आहे', तरी या दोन औषधांच्या बाबतीत आधी रुग्णालयाला विचारावे. कंपनी बदलली की रक्तातले प्रमाणही बदलू शकते. स्वस्त गोळी वाईट असते असे नव्हे, फक्त बदलल्यावर तपासणी लागते.

गोळी चुकली आणि लवकर आठवली, तर घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल, तर सोडून द्यावी. भरपाई म्हणून दोन एकदम कधीही घेऊ नयेत. किती तासांपर्यंत घ्यायची आणि उलटीतून गोळी पडली तर काय करायचे, हे सुटी मिळण्यापूर्वीच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावे. वॉर्डाचा दूरध्वनी क्रमांकही त्याच पानावर असावा.

बाहेरच्या औषधांबाबत सावध राहावे. अंग दुखले म्हणून गल्लीतल्या दुकानातून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक घेऊ नये. सायक्लोस्पोरिनबरोबर ती मूत्रपिंडावर भारी पडतात. क्षयाच्या उपचारातील रिफाम्पिसिनने सायक्लोस्पोरिनचे प्रमाण एकदम खाली येते, तर बुरशीवरच्या काही गोळ्यांनी ते चढते. म्हणून दुसऱ्या कोणत्याही दवाखान्यात गेलात, तर वही आधी पुढे करा. बुरशीची गोळी मनाने बंद केली, तरी सायक्लोस्पोरिनचा हिशेब बिघडतो, हेही ध्यानात असू द्या. पपनस आणि त्याच जातीचे ग्रेपफ्रूट टाळावे. आणि गावाकडून मायेने आलेला गुळवेलीचा काढा नम्रपणे परत करावा. 'प्रतिकारशक्ती वाढवतो' म्हणून तो देतात. इथे तर नव्या शिपायांना आवरून धरायचे आहे. शिवाय गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले आहे.

ही जबाबदारी कोणाची?

आमच्या पाहण्यात औषधाची सारी जबाबदारी आईच्याच डोक्यावर येऊन पडते. ती कामावर जाते, चूल पेटवते, पाणी भरते आणि गोळी चुकली की बोलणीही तीच खाते. हे बरोबर नाही. बापाने निदान रात्रीची गोळी आणि पट्ट्या संपण्याचा हिशेब आपल्याकडे घ्यावा. मोठ्या भावंडाने वहीवर नजर टाकावी. ज्या भावाने किंवा बहिणीने आपला गर दिला, त्यालाही यात मान द्यावा; त्याचे दान वाया जाऊ नये, ही त्याचीही काळजी असते.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींकडे विशेष लक्ष हवे. या वयात औषध टाळणे जगभर आढळते. त्यांना गोळ्या कशासाठी, हे नीट समजावून सांगावे, डबी भरायला त्यांच्याच हाती द्यावी आणि आपण शेजारी बसावे. हळूहळू वही त्यांच्याकडे सोपवावी, पण पाहणे सोडू नये.

पैशाच्या अडचणीने गोळी थांबत असेल, तर लाज बाळगू नका. सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना पहिल्या दिवशीच गाठावे आणि प्रत्यारोपणाच्या खर्चाबरोबर घरी आल्यानंतरच्या औषधांचा खर्चही मागणीत लिहायला सांगावे. थॅलेसेमियाच्या मुलांसाठी कोल इंडियाच्या निधीतून २०१७ साली 'थॅलेसेमिया बाल सेवा योजना' सुरू झाली. तीत निवडक रुग्णालयांत प्रत्यारोपणासाठी १० लाख रुपयांपर्यंत साह्य दिले जाते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि मुख्यमंत्री साहाय्यता निधी यांत काय बसते, तेही तिथेच विचारावे. आपल्या मंडळांनी आणि महिला मंडळांनी वर्गणी काढताना शस्त्रक्रियेचे नाव ऐकून हात सैल सोडावा आणि पुढच्या गोळ्यांच्या वेळी हात आखडावा, असे करू नये. हजार रुपयांच्या गोळीवाचून लाखांचे प्रत्यारोपण वाया जाऊ शकते.

पहिले काही महिने गर्दी टाळायची असते. लग्न, जयंतीची मिरवणूक, दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीवरचा जनसागर यांसाठी पुढच्या वर्षाची वाट पाहावी. डॉक्टरांनी मोकळीक दिली की आनंदाने जावे. लहानपणीच्या लशी नव्याने घ्याव्या लागतात, त्यांचे वेळापत्रक विचारून ठेवावे. गोवरासारख्या जिवंत लशी मात्र दोन वर्षे उलटेपर्यंत देत नाहीत.

शेवटी, खुणा ध्यानात ठेवा. ताप १००.४ अंशांवर गेला, तळहातांवर पुरळ उठले, जुलाब थांबेनात, डोळे पिवळे दिसले, दम लागू लागला, यांपैकी काहीही झाले, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. त्याच रात्री रुग्णालयाला फोन करा आणि निघा. वही बरोबर घ्या.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी आजच वही घालावी. ज्यांच्या घरी नाही, त्यांनी शेजारच्या घरी जाऊन एवढेच विचारावे, 'पट्टी किती दिवसांची उरली आहे?' संपत आली असेल, तर शहरात जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती चिठ्ठी द्यावी. एवढ्यानेही एखाद्या घरचा खाडा टळेल.